व्हर्बिस्टची कसोटी: मध्यान्हीची सावली आधी सांगायची कशी

१६६८ च्या डिसेंबरात बीजिंगच्या दरबारात वाद होता तो पंचांग कोणाचे खरे याचा. एका बाजूला पंचांगखाते ताब्यात असलेला यांग ग्वांगश्यान, दुसऱ्या बाजूला फ्लँडर्सचा (आजच्या बेल्जियममधला) जेझुइट पंथाचा ख्रिस्ती धर्मोपदेशक फर्डिनांड व्हर्बिस्ट. व्हर्बिस्टने सुचवलेली कसोटी साधी होती: ठरलेल्या उंचीच्या शंकूची, म्हणजे सावली मोजण्यासाठी उभ्या केलेल्या काठीची, मध्यान्ही किती लांब सावली पडेल ते आधी सांगायचे. २७, २८ आणि २९ डिसेंबरला ती झाली आणि तिन्ही दिवस त्याचे गणित जुळले. पुढच्याच वर्षी पंचांगाचे काम त्याच्याकडे आले. हीच कसोटी गच्चीवर घेता येते.

आधी आकडा काढून कागदावर लिहा. सावली पाहून मग गणित जुळवणे ही कसोटी नव्हे. २८ डिसेंबरला सूर्य विषुववृत्ताच्या सुमारे २३.३ अंश दक्षिणेला असतो. त्यात आपला अक्षांश मिळवा, बेरजेचा टॅन (त्रिकोणमितीतले टॅन्जंट गुणोत्तर) घ्या आणि शंकूच्या उंचीने गुणा. पुण्यासाठी १८.५ + २३.३ = ४१.८ अंश, १०० सेंमी उंचीला सावली ८९.४ सेंमी. बीजिंगला हीच सावली १९८ सेंमीच्या आसपास जाते.

आता शंकू. नुसती काठी रोवली की पहिली फजिती होते ती सावलीच्या टोकाची. सूर्य म्हणजे बिंदू नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे. त्यामुळे टोकाशी पुण्यात पावणेदोन सेंमीचा, बीजिंगला साडेचार सेंमीचा धूसर पट्टा येतो. डोळा गडद भाग संपतो तिथेच खूण करतो आणि सावली आखूड भरते. उपाय चीनमध्ये व्हर्बिस्टच्या चारशे वर्षे आधीचा आहे: ज्योतिर्विद ग्वो शौजिंगने आपल्या ४० चीनी फूट उंच शंकूसाठी बारीक छिद्राची पट्टी वापरली होती.

छिद्राचीच युक्ती वापरा. काठीच्या टोकाला तळहाताएवढा पुठ्ठा सूर्याकडे कलता बसवा, त्याला २ मिमीचे छिद्र पाडा. (छिद्रातून सूर्याकडे पाहू नका.) पुठ्ठ्याच्या सावलीत उजेडाचा लंबगोल ठिपका पडेल, सावली मोजायची ती त्याच्या मध्यापर्यंत. छिद्रातून ओळंबा सोडा, तो टेकतो तो बिंदू म्हणजे शंकूचे मूळ. उंचीही छिद्रापासूनच, बरोबर १०० सेंमी. असे केले की काठी थोडी कलती असली तरी बिघडत नाही. जमीन मात्र पाणसळ लावून तपासा: गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, आणि उत्तर-दक्षिण एका अंशाचा उतार दीड सेंमीची चूक घालतो. फळी टाकून ती सपाट करून घेणे बरे.

घड्याळातले बारा म्हणजे मध्यान्ह नव्हे. २८ डिसेंबरला पुण्यात ती साधारण १२:३६ ला येते. घड्याळावर विसंबायचे नसेल तर मुळाभोवती ११० सेंमी त्रिज्येचे वर्तुळ काढा. ठिपका सकाळी अकराच्या सुमारास वर्तुळाच्या आत शिरतो आणि दुपारी दोननंतर बाहेर पडतो. त्या दोन खुणा जोडणाऱ्या रेषेचा मध्य आणि मूळ यांतून जाते ती उत्तर-दक्षिण रेषा. दुसऱ्या दिवशी ठिपका या रेषेवर येईल तेव्हा मोजा. होकायंत्र नको, गच्चीतल्या लोखंडी सळ्या त्याला फसवतात.

पाच मिलिमीटरच्या आत जुळले तर हात चांगला बसला. पण डिसेंबरअखेर सूर्य उत्तर-दक्षिण जवळजवळ थबकलेला असतो. पुण्यात दिवसाला दीड मिलिमीटर एवढाच फरक पडतो. म्हणजे तारीख एका दिवसाने चुकली तरी ते उघडे पडत नाही. अक्षांश आणि मोजणीचा हात तपासायला हे दिवस चांगले. पंचांगाची तारीख तपासायची तर २१ मार्चच्या आसपास करा, तेव्हा १०० सेंमी शंकूची सावली रोज पाऊण सेंमी सरकते. विषुवदिनाची मध्यान्हीची सावली पुण्यात ३३.५ सेंमी, म्हणजे बारा अंगुळांच्या शंकूला चार अंगुळे. आपल्या पंचांगकर्त्यांची पलभा ती हीच.