नवा बॉल पायथन रात्रभर येरझाऱ्या का घालतो?

बॉल पायथन घरी आणला की पहिल्या आठवड्यात बहुतेकांना एकच प्रश्न पडतो. दिवसभर वेटोळं करून पडलेला साप दिवे मालवले की काचेला नाक लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत का फिरतो? झाकण का ढकलतो? अशा वेळी त्याला बाहेर काढावं, हातात घ्यावं, काहीतरी खायला द्यावं असं वाटतं. नेमकं तेच टाळायचं. नव्या सापाच्या अस्वस्थतेचं मूळ बहुतेक वेळा टाकीतच असतं आणि ते अंदाजाने नाही, मोजमाप करून सापडतं.

आधी फिरणं ओळखा

हा साप निशाचर आहे. संध्याकाळनंतर बाहेर येणं, जीभ लवलवत सगळे कोपरे हुंगणं, फांदीवर चढणं, मध्येच लपणात जाऊन पुन्हा बाहेर येणं यात काळजीचं काहीच नाही. नवी जागा तो अशीच ओळखतो. लपणाच्या तोंडातून फक्त डोकं बाहेर काढून तासभर निश्चल बसला असेल, तर तो शिकारीची वाट पाहतोय. हे तर चांगलं लक्षण.

अस्वस्थ सापाची चाल वेगळी असते. तो काचेच्या एकाच पट्ट्यावर तासन् तास मागेपुढे करतो, नाक कोपऱ्यात किंवा झाकणाच्या फटीत खुपसतो, भर दिवसाही फिरतो आणि लपणात टिकतच नाही. काही दिवसांत नाकाच्या टोकाचा खवला घासून गुलाबी दिसू लागतो. जाळीचं झाकण असेल तर जखम लवकर होते, म्हणून नाक रोज टॉर्चने पाहा.

तीन दिवस साधी नोंद ठेवा: किती वाजता फिरला, टाकीच्या कोणत्या बाजूला जास्त होता, तेव्हा दोन्ही बाजूंचं तापमान किती होतं. पुढचे सगळे निर्णय या नोंदीवरून घ्यायचे आहेत.

पहिले सात दिवस

हाताळणं बंद, खाणंही बंद. रोज पाणी बदला, विष्ठा दिसली तर उचला, बाकी टाकीत हात घालू नका. टाकीच्या दोन्ही बाजू आणि मागची काच बाहेरून पुठ्ठ्याने किंवा काळ्या कागदाने झाका. एकट्या या उपायाने बऱ्याच सापांच्या येरझाऱ्या कमी होतात. टाकी स्पीकर, वॉशिंग मशीन किंवा सतत आपटणाऱ्या दाराजवळ ठेवू नका, कारण सापाला जमिनीतून येणारी कंपनं जाणवतात. त्या खोलीत मच्छर कॉइल, मच्छर लिक्विड, धूप, अगरबत्ती काहीही लावू नका.

आठव्या दिवशी पहिलं खाणं द्या. सलग दोन-तीन वेळा नीट खाल्लं की मगच हातात घ्यायला सुरुवात करा, तेही आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं.

तापमान: सगळ्यात जास्त चुका इथेच

गरम बाजूच्या पृष्ठभागाचं तापमान ३१ ते ३३ अंश सेल्सिअस हवं, थंड बाजूचं २५ ते २७. रात्री कुठेही २३ च्या खाली जाऊ नये. काचेवर चिकटवायची पट्टी किंवा काट्याची तबकडी यावर विसंबू नका. त्या काचेचं किंवा हवेचं तापमान दाखवतात आणि साप झोपतो जमिनीवर. प्रोब (तारेच्या टोकाला असलेला सेन्सर) असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि प्रोब लपणाच्या आत, सापाचं पोट टेकतं त्या जागी ठेवा. सोबत इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर पृष्ठभाग लगेच तपासता येतो.

आता नोंद वाचा. साप सतत थंड बाजूला, नाक काचेला दाबून, पाण्याच्या भांड्याभोवती घुटमळत असेल तर टाकी जास्त गरम आहे. गरम लपण सोडतच नसेल, तिथेच अंग चिकटवून पडत असेल तर थंड आहे. दोन्हीकडे फेऱ्या मारत असेल आणि दोन्ही आकडे जवळपास सारखेच असतील, तर गरम बाजूकडून थंड बाजूकडे तापमानाचा उतार तयारच झालेला नाही. त्याला हवी ती जागा टाकीत नाहीच, म्हणून तो शोधत फिरतो. छोट्या टाकीत हे हमखास होतं.

टाकीच्या तळाखाली लावायची हीटिंग मॅट थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ठरलेल्या मर्यादेत ठेवणाऱ्या उपकरणाशिवाय, कधीही लावू नका. मोकळी मॅट सहज ४५ अंशांच्या वर जाते आणि साप भाजेपर्यंत तिच्यावर पडून राहू शकतो. थर्मोस्टॅटचा प्रोब मॅट आणि काच यांच्यामध्ये चिकटवा. मॅटवरच्या भागात अंथरलेल्या कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) थर एक-दोन सेंटिमीटरच ठेवा; पाच सेंटिमीटरचा थर टाकला की उष्णता वर येत नाही आणि थर्मोस्टॅट बरोबर चालत असूनही साप थंडीत राहतो. साप उकरून थेट काचेवर जाऊन बसतो, म्हणून कमाल मर्यादा काचेच्या तापमानावरच ठरवा. गरम होणारा कृत्रिम दगड तर आणूच नका. रात्री हवा गरम ठेवायची असेल तर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर वापरा, त्यालाही थर्मोस्टॅट आणि जाळीचं आवरण हवंच.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये प्रश्न उलटा होतो. खोलीच ३६-३८ अंशांवर असेल तर मॅट बंद करून भागत नाही, टाकी घरातल्या सर्वांत थंड खोलीत हलवावी लागते. संपूर्ण टाकी ३५ च्या वर राहणं जिवावर बेतू शकतं. पुणे-नाशिकच्या डिसेंबरात मात्र रात्री लाईट गेली की टाकी तासाभरात गार पडते. थर्मोकोलच्या शीटने तीन बाजू आणि तळ झाकला तर उष्णता बरीच टिकते. हवा यायची वाट तेवढी मोकळी ठेवा.

लपण: दोन, सारखी आणि घट्ट

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत हा साप दिवस काढतो तो उंदीर-घुशींच्या बिळांत आणि वारुळांत. अंधार आणि चारी बाजूंनी अंगाला होणारा स्पर्श, त्याची सुरक्षितता यातच आहे. म्हणून लपण प्रशस्त नको. वेटोळं केल्यावर पाठ आणि कडा भिंतींना टेकल्या पाहिजेत आणि आत-बाहेर जायला एकच तोंड असावं. दोन्ही बाजूंना अगदी एकसारखी लपणं ठेवा. एकच असेल तर सापाला ऊब आणि आडोसा यांतलं एक निवडावं लागतं आणि तो दोन्हींमध्ये हेलपाटे घालतो.

महागडं लपण लागत नाही. पिल्लासाठी स्वच्छ धुऊन वाळवलेली, कडा पॉलिशपेपरने घासलेली नारळाची करवंटी पुरते. मोठ्या सापासाठी अपारदर्शक प्लास्टिकचा डबा उलटा ठेवून त्याला पाच-सहा सेंटिमीटरचं भोक पाडा आणि कड गुळगुळीत करा. मोठी टाकी सापाला घाबरवते असं सर्रास म्हटलं जातं, पण घाबरवतो तो तिच्यातला रितेपणा. प्रौढ सापाला १२० × ६० × ६० सेंटिमीटरची टाकी योग्यच आहे, फक्त मधल्या मोकळ्या जागेत कृत्रिम पानं, झाडाची साल, फांद्या दाट भरा.

आर्द्रता आणि कात

आर्द्रता ५५ ते ६५ टक्के ठेवा, कात टाकायच्या दिवसांत ७०-७५. डोळे दुधाळ-निळसर झाले, पोट गुलाबी दिसू लागलं की कात जवळ आली. डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर चार-पाच दिवसांत कात पडते. या काळात नाक घासत फिरणं स्वाभाविक आहे. हाताळू नका, खायला देण्याचा आग्रहही नको. ओलसर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरलेला एक डबा आत ठेवा. कात तुकड्यातुकड्यांत निघाली तर हवा कोरडी होती. अमेरिका-युरोपात हिवाळ्यात घर तापवल्यावर असं हमखास होतं.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात काळजी उलट बाजूची. हवा आधीच दमट असते, त्यात रोज पाणी फवारलं तर अंथरूण ओलं राहतं, पोटाच्या खवल्यांवर तपकिरी डाग आणि फोड येतात. साप जमिनीवर टेकायला तयार नसतो, भांड्यावर किंवा फांदीवर लटकून राहतो. मूठभर कोकोपीट दाबल्यावर पाण्याचा थेंब पडता कामा नये.

पाण्यात बसून राहतो?

एखाद्या दिवशी भांड्यात बसला तर ठीक. तापमान बरोबर असूनही रोज तासन् तास बसत असेल, तर पिसवांसारखे बारीक माइट्स आहेत का ते पाहा. ओल्या पांढऱ्या टिश्यूवरून सापाला हळूच सरकू द्या. टिश्यूवर मिरीच्या भुकटीसारखे काळे-तांबूस ठिपके दिसतील आणि थोडं थांबलात तर त्यातला एखादा चालू लागेल. डोळ्याची कड, हनुवटीखालची घडी आणि भांड्याचा तळही पाहा. बुडालेले माइट्स तिथे साचतात. सापडले तर सगळं अंथरूण फेका, फक्त टिश्यू पेपर पसरा, सामान गरम पाण्याने धुवा आणि औषध पशुवैद्याकडूनच घ्या. घरातला झुरळ-मुंग्यांचा स्प्रे किंवा डांबरगोळ्या वापरल्या तर माइट्सआधी साप मरेल.

भूक आणि जेवणानंतरची तगमग

विक्रेत्याला आधीच विचारा: शेवटचं कधी खाल्लं, मोठा उंदीर (रॅट) की छोटा (माऊस), गोठवलेला की जिवंत. पिल्लाला दर पाच-सात दिवसांनी त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, प्रौढाला दोन ते चार आठवड्यांनी सुमारे ५ टक्के वजनाचं भक्ष्य. गोठवलेला उंदीर फ्रीजमध्ये वितळवा, मग गरम पाण्यात बुडवून ३८ अंशांच्या आसपास आणा. मायक्रोवेव्ह नको. लांब चिमट्याने द्या. जिवंत उंदीर टाकीत सोडून निघून गेलात तर तो सापालाच कुरतडतो.

न खाल्ल्यास आठवडाभर थांबा. प्रौढ बॉल पायथन महिनोन् महिने न खाताही तब्येत राखतो, नर तर हिवाळ्यात जोडीच्या शोधात रात्रभर फिरतात आणि भक्ष्याकडे पाहतही नाहीत. पिल्लाच्या बाबतीत एवढा धीर धरू नका. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला वजन घ्या आणि १० टक्क्यांहून जास्त उतरलं तर पशुवैद्याकडे न्या.

जेवणानंतर ४८ तास हात लावू नका. पोट फुगलेलं असताना साप फिरत असेल तर गरम बाजू तपासा. ऊब कमी पडली की पचन अडतं आणि साप उलटी करतो. तसं झालं तर १४ दिवस उपास, मग निम्म्या आकाराचं भक्ष्य.

कागदपत्रं

भारतात अजगर, धामण किंवा कोणताही देशी साप पाळता येत नाही. बॉल पायथन हा साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टातला परदेशी साप आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर त्याची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. पाळीव पैदाशीचा साप असल्याचा कागदही मागा. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या सापांत परजीवी जास्त असतात आणि ते रुळायला फार वेळ घेतात.

थांबायचं नाही अशी लक्षणं

उघड्या तोंडाने श्वास, नाकपुडीत किंवा तोंडात बुडबुडे, श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज, डोकं वर करून आकाशाकडे पाहत राहणं, उलटं पडल्यावर सरळ होता न येणं: यातलं एकही दिसलं तर टाकीत बदल करत बसू नका, त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठा. ‘स्पायडर’ रंगप्रकारात डोकं डुलणं आणि पिळवटणं जन्मजात असतं. ते टाकी सुधारून जात नाही. विकत घेण्याआधीच साप चालताना पाहून घ्या.

लक्षणं गंभीर नसतील तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तीन दिवस पाहा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही, शिवाय ओळखीचा वास गेल्यामुळे साप पुन्हा पहिल्यापासून फिरू लागतो. तोवर झाकणाला क्लिप किंवा कुलूप असू द्या. निसटलाच तर आधी फ्रीजच्या मागे, इन्व्हर्टरजवळ, कपाटाखाली शोधा. उबदार आणि अरुंद जागी तो सापडण्याची शक्यता जास्त.

पशुवैद्याकडे जाताना तीन दिवसांची नोंद, वजनाचे आकडे, टाकीचा फोटो, अस्वस्थ हालचालींचा व्हिडिओ आणि ताजी विष्ठा झिपच्या पिशवीत घेऊन जा. साप सुती पिशवीत घालून तोंड बांधा, पिशवी भोकं पाडलेल्या डब्यात ठेवा आणि डबा उन्हातल्या गाडीत पाच मिनिटंही सोडू नका.