मुलाचे दात दाखवायला नेताना: सहकार्य कशामुळे मिळते, कशामुळे हरवते

दातांच्या दवाखान्यात एखादे मूल निमूटपणे तोंड उघडते आणि दुसरे खुर्ची दिसताच आईच्या ओढणीआड दडते, तेव्हा पहिले शहाणे आणि दुसरे हट्टी, असा निकाल आपण लगेच देऊन मोकळे होतो. प्रत्यक्षात या वागण्याचा बराचसा भाग मूल दवाखान्याची पायरी चढण्याआधीच ठरलेला असतो. त्याचे वय, स्वभाव, आधीच्या डॉक्टरांकडचे अनुभव, घरात कानावर पडलेले बोलणे आणि त्या दिवशी दात ठणकत होता की नव्हता, या साऱ्यांचा त्यात वाटा असतो. वय आणि स्वभाव बदलता येत नाहीत, पण बाकीचे पुष्कळसे पालकांच्या हातात असते.

त्यातही सर्वांत जास्त फरक पडतो तो पहिली भेट केव्हा होते याने. पहिला दात उगवल्यापासून सहा महिन्यांच्या आत, किंवा उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत, बाळाचे तोंड दंतवैद्याला दाखवावे, अशी बालदंतवैद्यकातील शिफारस आहे. आपल्याकडे मात्र ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ असे म्हणत गाल सुजेपर्यंत थांबण्याची रीत आहे. वास्तविक दुधाच्या मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात राहतात, त्यामुळे चौथ्या वर्षी किडलेली दाढ पडण्याची वाट पाहणे म्हणजे सहा ते आठ वर्षे वाट पाहणे होय. रात्रभर न झोपलेल्या मुलाची दंतवैद्याशी पहिलीच ओळख सुई आणि दाढ काढण्यातून झाली, तर पुढे त्या खोलीचा वासही त्याला घाबरवायला पुरतो. याउलट आरशाने दात मोजले, खुर्ची वरखाली झाली आणि मूल घरी परतले, अशा दोन-तीन साध्या भेटी गाठीशी असल्या, तर नंतरची एखादी अवघड भेट ते बऱ्याच अंशी निभावून नेते.

वयानुसार अपेक्षा बदलायला हव्यात. तीन वर्षांखालील मुलाकडून समजून-उमजून केलेल्या सहकार्याची अपेक्षाच धरू नये. अशा बाळाला तपासताना डॉक्टर आणि पालक गुडघ्याला गुडघे लावून समोरासमोर बसतात, बाळाचे डोके डॉक्टरांच्या मांडीवर असते आणि पाय पालकाच्या कमरेशी. ते रडले तरी काही बिघडत नाही. रडताना तोंड आपोआप उघडते आणि तपासणी मिनिटभरात उरकते. चार-पाच वर्षांच्या मुलाला गोष्ट कळते, पण त्याची कल्पनाशक्तीही तितकीच धावते, आणि न पाहिलेले हत्यार त्याला खऱ्या हत्यारापेक्षा मोठे वाटते. सहा-सात वर्षांनंतर ‘असे का करायचे’ हे कळू लागते आणि बोलण्याचा उपयोग वाढतो.

इंग्लंड आणि कॅनडात काम केलेले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॅकमन यांनी 1977 मध्ये भीती लागण्याच्या तीन वाटा मांडल्या: स्वतःला आलेला अनुभव, दुसऱ्याला घाबरताना पाहणे आणि कुणीतरी सांगितलेले ऐकणे. मराठी घरात तिसरी वाट भलतीच रुंद असते. ‘मस्ती केलीस तर डॉक्टरकाकांकडे नेऊन सुई टोचायला लावीन’ ही धमकी, आजोबांची दाढ कशी उपटली याचे जेवताना रंगलेले वर्णन, ‘रूट कॅनॉल म्हणजे नको रे बाबा’ हा मोठ्यांचा सुस्कारा, हे सारे मूल जपून ठेवते. म्हणून पहिली पायरी म्हणजे ही धमकी कायमची बंद करणे. दुसरी पायरी, सोबत कोण जाणार हे नीट ठरवणे. आईची भीती मुलाच्या वागण्यात उतरते, हे, विशेषतः पहिल्या भेटीच्या बाबतीत, अभ्यासांत वारंवार दिसले आहे. ज्यांना स्वतःला खुर्चीत बसताना घाम फुटतो, त्यांनी त्या दिवशी शांत स्वभावाच्या मावशीला किंवा काकांना पाठवावे, त्यात कमीपणा नाही.

मुलाला काय सांगावे, यात चूक सहज होते. ‘अजिबात दुखणार नाही’ या वाक्यातला मुलाच्या मनात राहणारा शब्द ‘दुखणे’ हाच असतो. त्याऐवजी ‘डॉक्टर तुझे दात मोजतील, पाण्याने धुतील’ इतकेच सांगावे. ‘सुई टोचणार का?’ असे त्याने विचारले, तर खोटे बोलू नये. ‘मला ठाऊक नाही, पण काहीही करण्याआधी डॉक्टर तुला सांगतील’ हे उत्तर खरेही आहे आणि पुरेसेही. लहान मुलाला आठवडाभर आधी सांगून झुरत ठेवू नये, आदल्या दिवशी सांगितले तरी चालते. रात्री दात घासताना त्याचे डोके मांडीवर घेऊन वर पाहायला लावले, तर खुर्चीत आडवे होऊन तोंड उघडण्याचा सराव रोजच होतो.

वेळ सकाळची घ्यावी. दुपारच्या झोपेच्या वेळी, लसीच्या दिवशी किंवा शाळेतून दमून आल्यावर नेलेले मूल निम्मे तिथेच हरलेले असते. पोट रिकामे नसावे, पण तडस लागेल इतके भरलेलेही नसावे, कारण तोंडात मागे आरसा गेला की उमासे येतात.

दवाखान्यात ‘सांगा, दाखवा, करा’ ही पद्धत 1959 पासून रूढ आहे: उपकरण काय करते ते आधी सोप्या शब्दांत सांगायचे, मग ते मुलाच्या बोटावर किंवा नखावर चालवून दाखवायचे आणि नंतरच तोंडात न्यायचे. याच्या जोडीला थांबण्याची खूण ठरलेली असावी. डावा हात वर केला की डॉक्टर खरोखर थांबतात, हे एकदा अनुभवले की मूल तो हात फारसा उचलत नाही. भूल देण्याआधी हिरडीला बधिर करणारी जेल लावतात का, हे पालकांनी आधीच विचारावे. काम सुरू झाल्यावर मात्र गप्प बसावे. आई ‘आ कर’, बाबा ‘रडू नको’ आणि डॉक्टर तिसरेच काही सांगत असतील, तर मूल कुणाचेच ऐकत नाही.

‘रडला नाहीस तर खेळणे देईन’ हा सौदा करू नये, कारण त्यातून पुढे काहीतरी रडण्याजोगे आहे, एवढेच मुलाला कळते. काम झाल्यावर न सांगता दिलेला स्टिकर चांगला; चॉकलेट का नको, हे सांगायला नको.

इतके करूनही काही मुलांना जमत नाही. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला यंत्राचा आवाज आणि दिव्याचा झोत असह्य होऊ शकतो. त्याच्यासाठी गॉगल, कान झाकण्याची सोय आणि नुसती खोली पाहून येण्याच्या भेटी उपयोगी पडतात. रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून गप्प करण्याची जुनी पद्धत अमेरिकेतील बालदंतवैद्यक अकादमीने 2006 मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली. हातपाय धरण्याची वेळ येणार असेल, तर पालकांची संमती आधी घेतलीच पाहिजे. कीड थोपवणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावून ड्रिलिंग पुढे ढकलता येते, मात्र किडलेला भाग काळा पडतो. काम मोठे असल्यास मुलाला जागे ठेवूनच शांत करणारा नायट्रस ऑक्साइड वायू किंवा पूर्ण भूल हे पर्याय असतात; ते मुलाला शिक्षा म्हणून ऐकवू नयेत.

घरी परतल्यावर दोन-तीन तास ओठ बधिर असतो आणि मुले गंमत म्हणून तो चावून जखम करून घेतात, तेव्हा तोवर खायला देऊ नये आणि लक्ष ठेवावे. संध्याकाळी शेजारच्या काकूंना त्याच्यादेखत ‘केवढा रडला!’ असे सांगू नये. ‘दात मोजले तेव्हा तोंड किती मोठे उघडले होतेस, काकूंना दाखव’ असे म्हणावे, कारण पुढच्या भेटीला तो यातलीच एखादी आठवण घेऊन जाणार असतो.