फाउंड्रीची रात्रपाळी आणि सबस्टेशनची वही: वीजजाळ्यावर संशोधन करू पाहणाऱ्या नव्या मुलांसाठी

एम.टेक.च्या तिसऱ्या सत्रात माझा विषय ठरला, तो आमच्याकडे विद्युत शाखेच्या निम्म्या मुलांचा ठरतो तसाच: ३३ बसच्या (जोडणीबिंदूंच्या) प्रमाणित फीडरवर, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या वितरण लाइनच्या एका नमुन्यावर, सौर संच कुठे बसवावा हे संगणकावर शोधून काढणे. हा फीडर १९८९ च्या एका शोधनिबंधातून आलेला आहे. त्याचा दाब (व्होल्टेज) १२.६६ केव्ही (किलोव्होल्ट) आणि एकूण भार ३.७१५ मेगावॅट असून जगभरातले विद्यार्थी तो आजही वापरतात. माझा आराखडा वाचून मार्गदर्शक सरांनी एकच प्रश्न विचारला, की १२.६६ केव्हीची लाइन तुम्ही बेळगाव जिल्ह्यात कुठे पाहिली. आपल्याकडे ती ११ केव्हीची असते. मला उत्तर देता आले नाही, आणि पुढचे वर्ष बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) व त्यानंतर पीएच.डी.ची वर्षे रायबाग भागातल्या शेतीपंपांच्या एका फीडरवर गेली. खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडून येऊन व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) एखाद्या महाविद्यालयात शिकणाऱ्या आणि ‘ग्रिडवरचे संशोधन म्हणजे आयआयटीचे किंवा परदेशातले काम’ असे समजणाऱ्या मुलांसाठी हे लिहीत आहे.

फाउंड्रीची अडचण साधी होती. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा भाग) सुधारण्यासाठी बसवलेले कपॅसिटर दर काही महिन्यांनी फुगत, फ्यूज जात, आणि नवे कपॅसिटर बसवले तरी पुन्हा तेच होई. कपॅसिटर काढून ठेवावेत तर पॉवर फॅक्टर घसरून बिलात दंड लागे. पुरवठादार मालाला दोष देत होता आणि मालक वीज कंपनीला. आम्ही महाविद्यालयातला पॉवर क्वालिटी अ‍ॅनालायझर लेखी परवानगीने बाहेर काढला (प्रयोगशाळेत तो एकच होता, त्यामुळे त्या परवानगीलाच तीन आठवडे लागले), आणि तीन दिवस सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मोजणी केली. नोंदी अगदी स्वच्छ आल्या. अहवालात ‘दोष आढळला नाही’ असे लिहिण्याच्या बेतात असताना तिथले जुने इलेक्ट्रिशियन, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, चहा पिताना म्हणाले, “दिवसा काय मोजायलाय सर, भट्टी तर रात्री दहानंतर लागत्या.”

कर्नाटकात उच्चदाब औद्योगिक ग्राहकांना वेळेनुसार दर लागू असून रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत युनिटमागे सूट मिळते, हे मी तेव्हाच्या दरपत्रकात वाचलेले होते. पण त्या सूटीमुळे वितळणाचे सगळे काम रात्री होते, हे माझ्या डोक्यात आले नव्हते. चौथ्या रात्री आम्ही अ‍ॅनालायझर तिथेच ठेवला आणि चित्र पार बदलले. सहा पल्सच्या रेक्टिफायरवर (एसीचे डीसी करणाऱ्या यंत्रणेवर) चालणारी इंडक्शन फर्नेस ५० हर्ट्झच्या मूळ प्रवाहाबरोबर पाचवी आणि सातवी हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पाचपट आणि सातपट, २५० आणि ३५० हर्ट्झचे प्रवाह, जाळ्यात सोडते. आता ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर यांची मिळून एक स्वतःची लय असते; ती एखाद्या हार्मोनिकशी जुळली की तो प्रवाह कपॅसिटरमध्ये कित्येक पट वाढतो आणि ते फुगतात. ती लय कितव्या हार्मोनिकवर येते हे काढायला कागद-पेन्सिल पुरते: ट्रान्सफॉर्मरची शॉर्ट सर्किट क्षमता भागिले कपॅसिटरची क्षमता, आणि त्याचे वर्गमूळ. १००० केव्हीएच्या, ५ टक्के इम्पीडन्सच्या ट्रान्सफॉर्मरची शॉर्ट सर्किट क्षमता २०,००० केव्हीए होते. त्यावर ८०० केव्हीएआर कपॅसिटर लावले तर उत्तर बरोबर ५ येते, आणि ४०० लावले तर ७.०७. आपोआप टप्पे बदलणारे पॅनेल रात्रभर नेमके या दोन आकड्यांमधून ये-जा करीत होते. कपॅसिटरना ७ टक्क्यांची रिॲक्टर (कॉइल) जोडली की ती लय १८९ हर्ट्झवर, म्हणजे पाचव्या हार्मोनिकच्या सुरक्षितपणे खाली येते. मात्र रिॲक्टरमुळे कपॅसिटरवरचा दाब वाढतो, म्हणून ४४० व्होल्टचे जुने कपॅसिटर तसेच ठेवून चालत नाही. हेही आम्हाला अण्णांनीच विचारल्यावर सुचले.

या प्रसंगाचा शिकवणीच्या दृष्टीने मी पुष्कळ विचार केला आहे. गणित पाठ्यपुस्तकातले होते आणि उपायही नवा नव्हता. विद्यापीठाने त्यात काय आणले, तर मोजमाप, आणि कोणाचीही बाजू न घेता ते वाचण्याची सवड. उद्योगाने आणला तो प्रश्न, आणि तो प्रश्न किती वाजता खरा असतो याची माहिती. भविष्यातील वीजजाळ्याबद्दल बोलताना सौर, साठवण आणि विद्युत वाहने यांची नावे घेतली जातात, परंतु या प्रत्येकात एक कन्व्हर्टर (विजेचे रूप बदलणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) असतो आणि प्रत्येक कन्व्हर्टर जाळ्यात काही ना काही हार्मोनिक सोडतो. आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ५१९ क्रमांकाच्या मानकाने १ ते ६९ केव्हीच्या जोडणीबिंदूवर व्होल्टेजमधील एकूण विकृतीची मर्यादा ५ टक्के ठेवली आहे. भट्टी, छतावरचे सौर संच आणि चार्जर एकाच फीडरवर आले की या ५ टक्क्यांतला वाटा कोणाचा, हा पुढच्या दहा वर्षांतला खरा भांडणाचा मुद्दा असेल, आणि त्याचे उत्तर कोणा एका कारखान्याच्या आवारात सापडणार नाही.

म्हणूनच अशा कामाची रचना आधी कोणी कशी केली ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत १९९६ मध्ये पीएसईआरसी हे वीजप्रणाली संशोधन केंद्र सुरू झाले. तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या उद्योग-विद्यापीठ सहकार्य योजनेतून ते उभे राहिले आणि पुढे अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने त्याचे नेतृत्व केले. तेथे अनेक विद्यापीठे एकत्र असतात, वीज कंपन्या आणि यंत्रसामग्री बनवणारे उद्योग वर्गणी भरून सभासद होतात, कोणते प्रकल्प हाती घ्यावेत यावर त्या सभासदांचे सल्लागार मंडळ मत देते, आणि निष्कर्ष सगळ्या सभासदांना मिळतात. एका कंपनीने एका प्राध्यापकाला पैसे देऊन आपले काम करून घेणे याहून हा प्रकार वेगळा आहे, कारण एकमेकांच्या स्पर्धेत असलेल्या कंपन्याही ज्या प्रश्नात सारख्याच अडकल्या आहेत, तेवढाच प्रश्न त्यात सामाईक होतो. उद्यमबागेतल्या पाच-सहा फाउंड्र्यांनी मिळून एक अ‍ॅनालायझर आणि एक विद्यार्थी वर्षभर पोसला, तर हेच घडेल असे मला वाटते. मात्र शेजारच्या भट्टीचे आकडे शेजाऱ्याला दिसू नयेत अशी प्रत्येकाची इच्छा असते आणि ती गैर नाही.

त्यामुळे पहिल्याच भेटीत एक पानी मसुदा न्यावा. आकडे कोणाकडे राहतील, प्रबंधात कारखान्याचे नाव येईल की ‘फाउंड्री अ’ एवढेच येईल, निबंध छापण्यापूर्वी मालकाला वाचायला किती दिवस मिळतील, आणि मोजणी करताना काही बिघडले तर जबाबदारी कोणाची, एवढे त्यात असले तरी पुरे. माझ्याकडून हे राहून गेले होते. प्रबंध बांधायला जाण्याच्या आदल्या आठवड्यात मालकांनी भार-आलेख काढून टाकायला सांगितले, कारण त्यावरून रात्रीचे उत्पादन कोणालाही मोजता आले असते. त्यांचे म्हणणे बरोबरच होते. दोन प्रकरणे नव्याने लिहावी लागली आणि तोंडी परीक्षा पुढच्या सत्रात गेली.

वीजवितरणाच्या बाजूने काम करायचे असेल तर धीर अधिक लागतो. आपल्या भागात पारेषण केपीटीसीएल आणि वितरण हेस्कॉम या सरकारी वीज कंपन्यांकडे आहे, आणि सबस्टेशनच्या वहीतला शेऱ्याचा रकाना बहुधा कन्नडमध्ये भरलेला असतो. फीडर का बंद पडला, कोणी एलसी (लाइन बंद ठेवून काम करण्याची परवानगी) घेतली, कुठे फांदी पडली, हे आकड्यांच्या फाइलीत येत नाही, त्या रकान्यात येते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांना मी आग्रहाने सांगतो की कन्नड वाचायला शिकावे. मला ते शिकायला एक पावसाळा लागला, आणि त्यानंतर ऑपरेटर स्वतःहून खुर्ची पुढे करू लागले. दुसरी गोष्ट म्हणजे पत्र माणसाच्या नावे न देता पदाच्या नावे द्यावे आणि आवक क्रमांकाची पोच जपून ठेवावी. मी एका अधिकाऱ्यांच्या ओळखीवर विसंबलो, त्यांची बदली झाली, आणि चार महिन्यांचे काम पुन्हा पहिल्या पानावर आले.

शेतीपंपांचा विषय मी घेतला त्यामागे एक कारण होते. कर्नाटकात १० अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना मीटर नाही. त्यांचा वापर अंदाजाने काढला जातो, आणि हा अंदाज चुकला की वितरणातली गळतीही तितकीच चुकीची निघते, कारण विकलेल्या युनिटांत न बसलेले सगळे गळतीच्या खात्यात जाते. शिवाय पाटीवर १० लिहिलेली मोटर दोनदा रिवाइंड (जळालेली तार काढून नव्याने गुंडाळणी) झाल्यावर तेवढीच वीज घेईल याची खात्री नसते. फीडरच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज किती पडते हे मी महिनाभर मीटर लावून मोजत होतो. पण कोणत्या वस्तीत, कोणत्या महिन्यात मोटरी जळतात हे गावातल्या रिवाइंडिंगच्या दुकानदाराने आपल्या उधारीच्या वहीतून दहा मिनिटांत दाखवले. संशोधनपत्रिकेत अशा वहीचा संदर्भ कसा द्यायचा यावरून माझे आणि सरांचे बरेच दिवस एकमत होत नव्हते.

पैशाविषयी थोडक्यात सांगतो. पदवीच्या प्रकल्पासाठी केएससीएसटी ही राज्याची विज्ञान परिषद अनुदान देते. त्यापुढच्या कामासाठी बेंगळुरूची सीपीआरआय, जी १९६० पासून वीजक्षेत्रातले संशोधन आणि चाचण्या करते, बाहेरच्या संस्थांचे प्रकल्पही घेते. पीएच.डी.साठीच्या पंतप्रधान फेलोशिपमध्ये निम्मा वाटा सहभागी कंपनीने उचलायचा असतो, म्हणून कंपनी आधी शोधावी आणि अर्ज मागाहून करावा. देशाचे वीजजाळे चालवणारी ग्रिड-इंडिया आणि आयआयटी दिल्लीची एफआयटीटी ही तंत्रज्ञान-हस्तांतर संस्था मिळून वीजप्रणालीवरच्या प्रबंधांना पुरस्कार देतात. तो मिळो न मिळो, त्यासाठीचा सारांश लिहिताना आपल्या कामात दम किती आहे ते कळते.

सुरक्षेबाबत मात्र थोडक्यात सांगून चालणार नाही. चालू पॅनेल विद्यार्थ्याने उघडू नये. ते कारखान्याच्या परवानाधारक माणसानेच उघडावे आणि आपण हात मागे बांधून उभे राहावे. करंट ट्रान्सफॉर्मरची (मोठा प्रवाह मोजण्यासाठी लहान करून देणाऱ्या उपकरणाची) दुय्यम बाजू भार चालू असताना कधीही उघडी राहू देऊ नये, कारण तेथे काही हजार व्होल्ट तयार होऊ शकतात. आमच्या तुकडीतल्या एका मुलाने क्लॅम्प लावण्याऐवजी तार सोडवायला घेतली होती, आणि अण्णांनी त्याचा हात इतक्या जोरात मागे ओढला की तो पडलाच. त्या दिवशी मोजणी झाली नाही.

ज्याला आता विषय शोधायचा आहे त्याच्यासाठी एक सुचवतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले, आणि चिक्कोडीहून कोल्हापूरजवळच्या मुडशिंगीला जाणारी २२० केव्हीची वाहिनीही आपल्या जिल्ह्यातूनच निघते. तरीही खालच्या ११ केव्हीच्या पातळीवर आपल्याकडचा हंगाम फार वेगळा चालतो. हिवाळाभर साखर कारखाने चिपाडावर वीज करून जाळ्यात देतात. मार्चच्या सुमारास गाळप संपते, आणि नेमके तेव्हा उसाच्या पाण्यासाठी पंपांचा भार चढू लागतो. पंपांचा थ्री फेज पुरवठा दिवसाच्या सौर वेळेत सरकवला तर शेवटच्या टोकाचे व्होल्टेज सुधारते की आणखी बिघडते, हे एका तालुक्याच्या पातळीवर ऊन्हाळाभर मोजून पाहायचे आहे. रिवाइंडिंगच्या त्या दुकानातल्या वहीची तीन ऊन्हाळ्यांची नक्कल माझ्याकडे आहे आणि मागणाऱ्याला मी ती देईन. दुकानदारांची परवानगी मात्र ज्याची त्याने जाऊन घ्यावी, आणि दुपारी दोननंतर जावे. सकाळी तिथे जळालेल्या मोटरी घेऊन आलेल्या शेतकऱ्यांची गर्दी असते.