सिगार कडवट लागते, विझते, उकलते? सिगारीपेक्षा आपल्या या चुका आधी तपासा

हाताने वळलेली महागडी सिगार अधूनमधून ओढणाऱ्यांच्या तक्रारी बहुधा ठरावीक असतात. चव कडवट लागली, एकाच बाजूने जळत गेली, धूरच येईना, वरचे पान उकलले, डोके गरगरले. या सगळ्याचे खापर सिगारीवर किंवा दुकानदारावर फोडले जाते. वास्तविक, सिगार निकारागुआतील एस्तेलीची असो किंवा क्युबाच्या पिनार देल रिओ प्रांतातील वुएल्ता अबाहोच्या तंबाखूची असो, तिच्या पानावर शेतात, वाळवणीच्या कोठारात आणि आंबवणीच्या ढिगांत मोठ्या कष्टाचे आणि दीर्घकाळाचे काम झालेले असते. ते काम आपल्या घरी आल्यावर मुख्यतः दोन कारणांनी वाया जाते. एक म्हणजे चुकीचा दमटपणा आणि दुसरे म्हणजे ओढण्यातली घाई. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुकांचे मूळ या दोहोंपैकी एकात सापडते.

साठवणीतल्या चुका

सिगारीला साधारण ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १६ ते २१ अंश सेल्सिअस तापमान मानवते. अमेरिकेत ७० टक्के आर्द्रता आणि ७० अंश फॅरनहाइट असा नियम रूढ आहे. परंतु अनेक अनुभवी शौकीन, विशेषतः क्युबन सिगारींसाठी, ६५ टक्क्यांच्या आसपास राहणे पसंत करतात आणि माझा कलही तिकडेच आहे. पानात पाणी अधिक असले की निखाऱ्याची उष्णता ते पाणी उडवण्यातच खर्च होते, सिगार वारंवार विझते, आतला भरणा फुगल्यामुळे हवेची वाट अरुंद होते आणि ओढणारा अधिक जोर लावतो. त्या जोराने निखारा एकदम तापतो आणि चव आंबट-कडवट होते. उलट, कोरडी पडलेली सिगार भराभर जळते, तिच्यातली सुगंधी तेले उडून गेलेली असतात आणि बोटांत धरताच वरचे पान तडकते. म्हणजे कडवटपणा दोन्ही टोकांना असतो, आणि म्हणूनच केवळ चवीवरून कारण ओळखता येत नाही. सिगार हलकेच दाबून पाहावी. ती स्पंजासारखी मऊ लागली तर ओली आहे, आणि चुरचुर आवाज आला तर कोरडी आहे.

परदेशी लेखनात साठवणीचा जो सल्ला मिळतो, तो प्रामुख्याने कोरड्या, थंड हवेच्या देशांसाठी लिहिलेला असतो, हे आपल्याकडे ध्यानात घेतले जात नाही. त्यात ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे दमटपणा राखणाऱ्या सिगारींच्या पेटीत, पाण्याचा स्पंज भरून ठेवायला सांगतात. न्यू जर्सी किंवा टोरांटोमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला हिवाळ्यात, घरातले हीटिंग चालू असताना, तो सल्ला योग्यच आहे, आणि मे महिन्यात नागपूर-अकोल्यालाही तो लागू पडतो. मुंबई, कोकण आणि गोवा येथे मात्र जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची आर्द्रता मुळातच ८० टक्क्यांच्या वर असते. तिथे भरलेला स्पंज म्हणजे बुरशीला आमंत्रणच होय. अशा हवेत दोन्ही बाजूंनी काम करणारी आर्द्रता-नियंत्रक पाकिटे वापरावीत. दमटपणा वाढला की ती पाणी शोषतात आणि घटला की सोडतात. त्यांवर ६२, ६५, ६९ किंवा ७२ असा आर्द्रतेच्या टक्क्यांचा आकडा छापलेला असतो. लाकडी पेटीच्या फटींतून पावसाळी हवा सतत आत येते आणि पाकिटे लवकर भरून निकामी होतात, त्यामुळे या दिवसांत रबरी कडीचा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा हा देखण्या ह्युमिडॉरपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरतो.

‘सिगार ओली वाटली तर एक-दोन दिवस बाहेर ठेवा’ हाही असाच एक सल्ला आहे. पावसाळ्यात रत्नागिरीला सिगार बाहेर ठेवली तर ती आणखी ओली होईल. त्याऐवजी ६२ किंवा ६५ च्या पाकिटासह ती वेगळ्या डब्यात ठेवावी. पूर्ण भिजलेल्या सिगारीला सुधारायला कित्येक आठवडेही लागतात. कोरडी सिगारही एकदम ७० टक्क्यांत ठेवू नये, कारण आतला भरणा बाहेरच्या पानापेक्षा वेगळ्या गतीने फुगतो आणि पान फाटते.

ह्युमिडॉरसोबत मिळणाऱ्या काट्याच्या आर्द्रतामापकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यावर पाण्याचे काही थेंब टाकावेत, म्हणजे मीठ ओलसर होईल पण विरघळून जाणार नाही. ते झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत किंवा डब्यात एक पूर्ण दिवस ठेवावे. मापकाने ७५ टक्के दाखवायला हवे. जितका फरक असेल तितकी दुरुस्ती दर वेळी मनाशी धरावी. नव्या लाकडी ह्युमिडॉरमध्ये लगेच सिगारी ठेवणे हीदेखील सर्रास होणारी चूक आहे, कारण कोरडे लाकूड सिगारींतलेच पाणी ओढून घेते. आत डिस्टिल्ड वॉटरची वाटी ठेवून पेटी काही दिवस बंद ठेवावी आणि आर्द्रता स्थिर झाल्यावरच वापरायला घ्यावी. नळाचे पाणी वापरू नये, कारण त्यातले क्षार स्पंजात साठतात. पेटी घरी बनवून घेणाऱ्यांसाठी एक सूचना अशी की, ह्युमिडॉरसाठी वापरले जाणारे, ज्याला स्पॅनिश सीडर म्हणतात ते लाकूड मेहॉगनीच्या कुळातले आहे. त्याऐवजी देवदार वापरला तर त्याच्या तेलाचा उग्र वास सिगारीत कायमचा बसतो.

आपल्याकडच्या उष्ण हवेत किडीचा धोका खरा आहे. लासिओडर्मा सेरिकॉर्ने नावाचा हा बारीक भुंगेरा तंबाखूइतकाच हळद, मिरची आणि धने यांच्यावरही जगतो, त्यामुळे सिगारींचा डबा स्वयंपाकघरात ठेवणे सर्वथा चुकीचे आहे. तापमान २४ अंशांच्या वर फार काळ राहिले की पानांत दडलेली अंडी उबण्याची शक्यता वाढते. टाचणीने टोचल्यासारखी गोल छिद्रे आणि तळाशी बारीक भुकटी दिसली, तर कीड लागली असे समजावे. छिद्रे पडलेल्या सिगारी टाकून द्याव्यात. उरलेल्या हवाबंद पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये ठेवून मगच बाहेर काढाव्यात. ही चढ-उतार सावकाश झाली नाही तर पान तडकते. नेहमीच्या साठवणीसाठी मात्र फ्रिज वापरू नये; तिथली हवा कोरडी असते आणि खाद्यपदार्थांचे वास सिगारीत शिरतात.

पानावर पांढरट थर दिसला की ‘ही तर जुनी, मुरलेली सिगार’ असे समाधान मानून घेतले जाते. बहुतेक वेळा ती बुरशीच असते. वरच्या पानावरचा हलका पांढरा थर पुसता येतो. परंतु निळसर-हिरवी किंवा पेटवायच्या टोकातून आत गेलेली बुरशी असेल तर सिगार फेकून द्यावी.

खरेदी करताना होणारे गैरसमज

गडद रंगाची सिगार कडक आणि फिकी सिगार सौम्य, हा समज इतका पक्का आहे की दुकानातही तो ऐकू येतो. ‘मादुरो’ म्हणवले जाणारे गडद पान अधिक काळ आंबवल्यामुळे काळपट होते आणि पुष्कळदा चवीला गोडसर असते. कडकपणा ठरतो तो मुख्यतः भरण्यावरून. तंबाखूच्या झाडाच्या वरच्या भागातली ‘लिगेरो’ पाने सर्वांत जोरकस असतात आणि सावकाश जळतात, म्हणून वळणारा ती मधोमध ठेवतो. ‘सेको’ सुगंधासाठी असते आणि ‘बोलादो’ नीट जळण्यासाठी. जाडीचेही तसेच आहे. जाडी ‘रिंग गेज’मध्ये, म्हणजे इंचाच्या ६४ व्या भागात मोजतात, आणि ५० गेजची रोबुस्तो, म्हणजे आखूड, जाड आकाराची सिगार, ही ३८ गेजच्या सडपातळ सिगारीपेक्षा सौम्य असू शकते.

नावांचा घोळ याहून मोठा आहे. क्रांतीनंतर १९६० मध्ये क्युबातील सिगारउद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९६२ मध्ये अमेरिकेने व्यापारबंदी लादली. देश सोडून गेलेल्या अनेक कारखानदारांनी डॉमिनिकन प्रजासत्ताक, होंडुरास आणि निकारागुआ येथे नव्याने काम उभारले. म्हणून आज मोंतेक्रिस्तो, पार्तागास, रोमिओ इ हुलिएता ही नावे क्युबातल्या आणि क्युबाबाहेरच्या अशा दोन वेगळ्या सिगारींवर आढळतात. अमेरिकेतून नातेवाइकाने आणलेली मोंतेक्रिस्तो ओढून ‘क्युबन सिगारीत काही दम नाही’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी सिगारीभोवतीची कागदी पट्टी आणि डबा नीट वाचावा. क्युबन पट्टीवर बहुधा ‘हबाना’ असा उल्लेख असतो. त्याच वेळी, काचेच्या झाकणाच्या डब्यातली कोहिबा, म्हणजे क्युबाची एरवी महागडी असलेली सिगार, कोणी स्वस्तात देऊ केली तर ती नकली समजावी, मग विकणारा ‘थेट कारखान्यातून आणली आहे’ असे कितीही सांगो.

कापणे आणि पेटवणे

ओठांकडच्या टोकावर पानाची छोटी टोपी चिकटवलेली असते आणि तीच वरचे पान उकलू देत नाही. ही टोपी संपूर्ण उडवणे हे पान उकलण्याचे सर्वांत साधे कारण आहे. गोलाई जिथे सरळ होऊ लागते त्या रेषेच्या वर, सुमारे दोन मिलिमीटर, धारदार कटरने एका झटक्यात कापावे. कापल्यावर, न पेटवताच, एक झुरका घेऊन पाहावा. हवा अडकत असेल तर सिगार बोटांत हलकेच फिरवत दाबावी आणि गरज पडल्यास अगदी थोडी आणखी कापावी. हे पेटवण्यापूर्वी करायचे काम आहे. पेटवल्यानंतर अडकलेल्या सिगारीशी झगडण्यात सगळी चव जळून जाते.

पेट्रोलच्या लायटरचा वास पहिल्या काही झुरक्यांत उतरतो, म्हणून ब्युटेन गॅसचा लायटर वापरावा. काडी वापरायची असल्यास तिचे गूल पूर्ण जळू द्यावे. ज्योत सिगारीला न टेकवता, टोक फिरवत सर्व कडांनी शेकावे आणि सगळीकडे सारखा निखारा दिसल्यावरच झुरका घ्यावा. इथे वाचवलेले अर्धे मिनिट पुढे वाकड्या जळण्यात वसूल होते.

ओढताना

साधारण मिनिटाला एक झुरका ही गती योग्य आहे. १२४ मिलिमीटर लांबीची रोबुस्तो पाऊण ते एक तास चालायला हवी. ती पंचवीस मिनिटांत संपली असेल तर निखारा इतका तापलेला असतो की कोणत्याही देशाच्या पानाची चव एकसारखी जळकीच लागेल. समुद्राच्या वाऱ्यात, उघड्या गच्चीवर हेच घडते, फक्त घाई वारा करतो. जळण वाकडे होऊ लागले तर आधी गती कमी करावी आणि मागे राहिलेली बाजू खाली करून धरावी. बहुतेक वेळा ते आपोआप सावरते. तरीही फरक वाढत गेला तरच लायटरने ती कड हलकेच शेकावी. आतला भरणा जळतो आणि वरचे पान तसेच राहते, अशी पोकळी तयार होऊ लागली तर एक तर पान ओले आहे, नाही तर झुरक्यांमध्ये फार अंतर पडते आहे.

सिगारेटीची सवय असलेले लोक धूर छातीत घेतात, आणि ही सर्वांत हानिकारक चूक आहे. सिगारीचा धूर अल्कधर्मी असल्यामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जाते. उपाशीपोटी कडक सिगार ओढल्यावर घाम फुटतो आणि मळमळते, ते त्यामुळेच. तसे झाल्यास सिगार ताबडतोब खाली ठेवून मोकळ्या हवेत बसावे आणि काही गोड खावे. धूर आत न घेतला म्हणजे धोका उरला नाही, असे कोणी समजू नये. तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका तरीही राहतो, बंद खोलीतल्या धुराचा त्रास घरातल्या इतरांनाही होतो, आणि जो ओढत नाही त्याने केवळ चवीच्या कुतूहलाने सुरुवात करण्याचे काहीच कारण नाही.

चव घेताना बहुतेक जण फक्त जिभेवर विसंबतात. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच मूळ चवी कळतात. बाकी सगळे नाक सांगते. म्हणून अधूनमधून तोंडातला थोडासा धूर, फुप्फुसात न नेता, नाकावाटे सोडून पाहतात. प्रत्येक झुरक्याला तसे केले तर नाक बधिर होते. ओढण्यापूर्वी दुसऱ्याची टिपणे वाचणे टाळावे, कारण वाचलेलेच सापडू लागते. कोणी लिहिलेला ‘नूगा’ (एक परदेशी मिठाई) शोधण्यापेक्षा भाजलेले शेंगदाणे, गूळ, जायफळ, काळी मिरी, कडब्याची गंजी अशा आपल्या ओळखीच्या वासांत नोंद करावी. झणझणीत जेवणानंतर किंवा पान खाल्ल्यावर लगेच सिगार ओढणे म्हणजे तिला न्याय न देणे होय. सोबत साधे पाणी किंवा काळी कॉफी असावी; धुरकट वासाची व्हिस्की मध्यम सिगारीला पूर्ण झाकून टाकते. पाच प्रकारांची एकेक सिगार घेण्यापेक्षा एकाच प्रकारच्या पाच घेऊन त्या काही महिन्यांच्या अंतराने ओढल्या, तर दमटपणाने आणि मुरण्याने काय बदलते ते खऱ्या अर्थाने कळते.

राख दर झुरक्याला झटकू नये. दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंतची राख निखाऱ्याला जपते. सिगार विझली तर राख काढून, तिच्यातून एकदा हलकी फुंकर बाहेर सोडून, तासाभराच्या आत पुन्हा पेटवावी. शेवटच्या तिसऱ्या भागात डांबर आणि निकोटिन साठत जाते, म्हणून तिथे कडवटपणा आला तर तो दोष नव्हे. सिगार तिथेच थांबवावी. ती रक्षापात्रात चिरडली की उग्र वास सुटतो, तेव्हा नुसती ठेवून द्यावी, आपोआप विझते. अर्धी उरलेली सिगार ह्युमिडॉरमध्ये परत ठेवू नये, कारण तिचा जळका वास काही दिवसांत बाकीच्या सगळ्या सिगारींत उतरतो.