पिपेटमधले क्लोराइड आणि वाया गेलेले नऊ महिने

प्रौढ मेंदूत गाबा हे रासायनिक संदेशद्रव्य न्यूरॉनला आवरतो आणि विकसनशील मेंदूत तोच त्याला चेतवतो, हे या विषयात पीएच.डी.साठी येणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. न्यूरोशास्त्रज्ञ बेन-आरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली उंदराच्या पिल्लांच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात हे दाखवले आणि १९९९ मध्ये क्लोराइड बाहेर टाकणाऱ्या केसीसी२ या प्रथिनाशी या बदलाचा संबंध जोडला गेला. अपक्व पेशीत एनकेसीसी१ हे दुसरे प्रथिन क्लोराइड आत ओढत असते आणि केसीसी२ अजून पुरेसे नसते. त्यामुळे गाबाची वाहिनी उघडली की क्लोराइड बाहेर जाते आणि पेशीचे विध्रुवीकरण होते, म्हणजे तिचे उणे विभव शून्याकडे सरकते. इतके मलाही ठाऊक होते, तरीही माझे नऊ महिने वाया गेले.

पाच दिवसांच्या पिल्लांच्या मेंदूच्या कापांवर मी होल-सेल पॅच करत होतो, म्हणजे काचेची बारीक पिपेट पेशीला चिकटवून, तिच्याखालचे पटल फोडून पेशीचे विभव मोजत होतो. पिपेटमधले द्रावण एका वरिष्ठ सहकाऱ्याच्या वहीतून जसेच्या तसे उचललेले होते आणि त्यात १४० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड होते. गाबा सोडला की पेशी दर वेळी शून्याच्या दिशेने सरकायची आणि ते पाहून मला आनंद व्हायचा. पुढे कोणीतरी तीस दिवसांच्या उंदराची तुलना मागितली, तेव्हा तिथेही हुबेहूब तोच आलेख आला.

कारण सोपे आहे, पण ते सावकाश समजून घ्या. होल-सेलमध्ये पिपेटखालचा पेशीच्या पटलाचा तुकडा फुटतो आणि आतला द्रव काही मिनिटांत पिपेटमधल्या द्रावणासारखा होतो, कारण पिपेटमधल्या द्रावणापुढे पेशीचे आकारमान नगण्य असते. बाहेर १३० मिलिमोलर क्लोराइड असताना आत १४० भरले, तर नर्न्स्टच्या समीकरणाप्रमाणे क्लोराइडचे समतोल विभव, म्हणजे ज्या विभवाला क्लोराइडची निव्वळ ये-जा थांबते ते, शून्याच्या जवळ येते. आत १० भरले, तर खोलीच्या तापमानाला ते सुमारे उणे ६६ मिलिव्होल्ट होते. पेशी पाच दिवसांची आहे की तीस दिवसांची, याने या हिशेबात काहीही बदलत नाही. मी पेशीचे वय मोजत नव्हतो, मीच आत भरलेले मीठ मोजत होतो.

म्हणून पटल न फोडता त्यात बारीक छिद्रे पाडणारे ग्रॅमिसिडिन हे प्रतिजैविक वापरा. त्याच्या छिद्रांतून पोटॅशियम, सोडियमसारखे एकभारी धनायन जातात, क्लोराइड जात नाही, त्यामुळे पेशीचे स्वतःचे क्लोराइड जागच्या जागी राहते. पिपेटच्या टोकाशी ग्रॅमिसिडिन नसलेले द्रावण भरा, नाहीतर सील, म्हणजे पिपेट आणि पटल यांची घट्ट पकड, बसत नाही. पुढे अर्धा तास किंवा अधिक थांबावे लागते, आणि पहिल्या महिन्यात बहुतेक सील त्याआधीच जातात. ते तुमच्या हाताला यश नाही म्हणून नव्हे. ही पद्धतच तशी आहे. मात्र "आधी डेटा घ्या, वाचन नंतर करा" असे सांगणाऱ्या मार्गदर्शकाचे या बाबतीत ऐकू नका, आणि कोणाचेही द्रावण त्यातील प्रत्येक आयनाचा हिशेब स्वतः केल्याशिवाय वापरू नका. वहीतून उचललेली कृती हा मला या क्षेत्रातला सर्वांत महाग पडलेला शॉर्टकट आहे.

आणखी एक गोष्ट थोडक्यात सांगतो. विध्रुवीकरण म्हणजे उत्तेजन नव्हे. उघड्या वाहिन्यांमुळे पटलाचा रोध घटतो आणि इतर संदेश तिथेच विरतात. नवजात उंदरांच्या जिवंत मेंदूत गाबा पेशीचे विध्रुवीकरण करतो, पण जाळ्याची हालचाल मात्र रोखतो, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसले आहे. शीर्षकात 'उत्तेजक' लिहिण्यापूर्वी सेल-अटॅच्ड नोंदीत, म्हणजे पटल न फोडता पिपेट नुसती चिकटवून घेतलेल्या नोंदीत, पेशी खरोखर स्पाइक (विद्युत-स्पंद) देते का, ते पाहा.

ग्रॅमिसिडिनच्या पिपेटमध्ये मी अजूनही जास्त क्लोराइडचेच द्रावण भरतो, पण आता जाणूनबुजून, पटल फुटले तर ते लगेच कळावे म्हणून. पहिली चांगली नोंद मिळाली तेव्हा पाच दिवसांच्या पेशीचे गाबा-विभव (गाबाचा प्रवाह ज्या विभवाला दिशा बदलतो ते) वीस मिनिटे उणे ४० मिलिव्होल्टच्या आसपास स्थिर होते. मग पटल फुटले आणि पुढच्याच मोजणीला ते शून्याकडे झेपावले. ती उडी दिसल्यावरच आधीची वीस मिनिटे खरी होती, याची मला खात्री पटली.