रस्त्यावर उभं राहून देहविक्री करणाऱ्या बायकांसाठी उपचार आणि पर्यायी वाट: या चुका टाळा

तक्रार आली की आधी धाड. अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा, 1956 च्या कलम 8 खाली (सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं) पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड आहे. दंड, वकील आणि बुडालेली रात्र यांचे पैसे सावकाराकडून येतात. ते फेडायला बाई दुसऱ्या नाक्यावर जास्त वेळ उभी राहते. तिथली पीअर (त्याच धंद्यातली, आरोग्याचं काम करणारी कार्यकर्ती) तिला ओळखत नाही आणि एचआयव्हीवरच्या एआरटीच्या गोळ्या मध्येच तुटतात. सिअ‍ॅटलमध्ये 2011 साली सुरू झालेल्या 'लीड' योजनेत पोलीस प्रकरण पुढे न नेता बाईला थेट केस मॅनेजरकडे सोपवतात, व्यसन सुटलंच पाहिजे ही अट न घालता.

'आधी दारू बंद, मग वसतिगृहात प्रवेश.' ही चूक जिवावर बेतते. रोज भरपूर पिणारीची दारू एकदम तुटली की सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो. वसतिगृहात याला 'नाटक' किंवा 'अंगात आलंय' म्हणतात, आणि तेवढ्यात हातची वेळ जाते. शेवटचा घोट कधी घेतला, पूर्वी फिट आली होती का, हे दारातच विचारा. आली असेल तर थेट रुग्णालयाची खाट. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन दिलंय ना, तेही विचारा.

गर्द घेणारीला ब्युप्रेनॉर्फिनची (गर्दच्या जागी देतात ते औषध) पहिली गोळी टर्की, म्हणजे गर्द तुटल्याचा त्रास, सुरू झाल्यावरच द्यायची असते. घाईने दिली तर त्रास एकदम उसळतो आणि ती पुन्हा फिरकत नाही. काही दिवस बंद राहून तिने जुन्याच मात्रेत गर्द घेतली, तर श्वास थांबू शकतो.

नुसती चिठ्ठी देऊन पाठवणं. रात्रभर जागलेली बाई सकाळच्या ओपीडीला पोहोचत नाही. सोबत पीअर जाऊ द्या, दुपारची वेळ मागून घ्या, मूल कुणाकडे राहील ते आदल्या दिवशी ठरवा.

आधार नाही म्हणून परत पाठवणं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या आदेशानुसार नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) राजपत्रित अधिकाऱ्याच्या किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांच्या प्रमाणपत्रावर आधार मिळतं. कार्डावर तिच्या धंद्याची कुठलीही खूण येत नाही. कंडोम हा गुन्ह्याचा पुरावा धरू नये, हेही त्याच आदेशात आहे. प्रत ठाण्यात देऊन ठेवा.

मुलगी अठराच्या आत असेल तर यातलं काहीच लागू नाही. 24 तासांत तिला बालकल्याण समितीसमोर न्या, 1098 या बालकांच्या हेल्पलाइनला फोन करा.

शिवणयंत्र देऊन मोकळं होणं. शिकण्याच्या महिन्यांत खोलीभाडं आणि सावकाराचा रोजचा हप्ता थांबत नाही. विद्यावेतन नसेल, तर दुसऱ्या आठवड्यात ती नाक्यावर दिसते.