आजी-आजोबांची शुश्रूषा: सिस्टर, या चुका टाळा

वॉर्डात म्हातारं माणूस दाखल झालं की आपण केस पेपर घेऊन थेट मुलाकडे वळतो. "बाबांना कधीपासून त्रास आहे?" बाबा समोरच कॉटवर, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्याच दुखण्याची हकिकत दुसऱ्याच्या तोंडून ऐकत पडलेले. नाशिकमध्ये ड्युटी करताना ही चूक मी कितीदा पाहिली, केलीही. बाकीच्या बऱ्याच चुका हिच्याच पोटातून निघतात.

लाडिक बोलणं त्यातलंच. "आ कर बघू, सोनू" हे आपल्याला प्रेमाचं वाटतं. पण डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) रुग्णांशी असं बोबडं बोललं की ते अंग पुसायला, कपडे बदलायला जास्त विरोध करतात, हे संशोधनातही दिसलंय. सिन्नरकडचे एक निवृत्त शिक्षक गोळी घेतच नव्हते. आमच्या ब्रदरनं "गुरुजी, गोळी घेता ना?" म्हटलं आणि त्यांनी हात पुढे केला. "आजी" म्हणणं आपल्याकडे मानाचंच, पण "ए आजी, ऊठ गं" सगळ्यांना चालत नाही. काय हाक मारू, ते एकदा विचारून घ्यावं.

ऐकू येत नाही म्हणून ओरडूही नका. उतारवयात आधी बारीक, चिरके आवाज ऐकू येईनासे होतात, आणि ओरडताना आपला आवाज नेमका तसाच होतो. समोर उभं राहून, खालच्या पट्टीत, सावकाश बोला. कानातलं मशीन बहुतेक वेळा नातेवाइकाच्या पिशवीत असतं, ते काढायला लावा. सुरगाण्याची आजी कोकणा बोलते, सटाण्याची अहिराणी. उत्तर आलं नाही की शीटवर "नॉट को-ऑपरेटिव्ह" लिहून मोकळं होऊ नका. नुसतं अहिराणीत "काय व्हयनं माय?" (काय झालं, माय?) म्हटलं तरी पुष्कळ कळतं.

आता हात बांधण्याबद्दल. रात्री आजोबा सलाईन ओढतात, आपण बँडेजनं हात कॉटला बांधतो. मीही बांधलेत. एकदा पहाटे पाहिलं तर लघवीच्या कॅथेटरची नळी अंगाखाली दबलेली, ओटीपोट तट्ट फुगलेलं. नळी सरळ केली, लघवी सुटली आणि रात्रभर ओरडणारा माणूस दहा मिनिटांत झोपला. तेव्हापासून बँडेजला हात लावण्याआधी बघते: लघवी तुंबलीय का, संडास कधी झाली, ताप, शुगर, ऑक्सिजन, कुठे दुखतंय, झोपेची गोळी नवीन सुरू झालीय का, चष्मा कुठाय. काही तासांत किंवा दिवसांत अचानक सुरू झालेला, कमीजास्त होणारा गोंधळ म्हणजे "वय झालं" नव्हे, तो डिलिरियम असू शकतो. लगेच डॉक्टरांना कळवा. बांधल्यानं तो वाढतो, शिवाय इजा होते ती वेगळीच. आणि जे एकदम गप्प होतात, दिवसभर पेंगतात, त्यांचा डिलिरियम आपल्या नजरेतून हमखास सुटतो, कारण शांत पेशंट कुणाला नको असतो?

चालता येणाऱ्याला "डायपर आहे ना, त्यातच करा" म्हणू नका. आणि जानेवारीतल्या नाशिकच्या थंडीत पहाटे साडेचारला, तेही पडदा न ओढता, स्पंज (अंग पुसणं) उरकू नका. तीस कॉटना दोनच सिस्टर असतात, मान्य. पडदा ओढायला दहा सेकंद लागतात.

सगळ्यात अवघड प्रसंग, मुलगा कोपऱ्यात घेऊन सांगतो, "आईला कॅन्सरचं कळू देऊ नका." त्याच्यावर चिडू नका, पण आपण होऊन खोटंही बोलू नका. "आजी, आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?" हे विचारा आणि उत्तर डॉक्टरांपर्यंत पोचवा. संमतीपत्राचंही तसंच. शुद्धीतल्या बापाच्या जागी मुलाची सही चालत नाही. भुलेखाली असलेल्या सज्ञान मुलीसाठी आईनं दिलेली संमतीसुद्धा, जिवाला तातडीचा धोका नसताना, सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली ग्राह्य धरली नव्हती.

हँडओव्हर देताना "बारा नंबर, कटकट्या म्हातारा" म्हणू नका, पुढची शिफ्ट तीच नजर घेऊन जाते. "बारा नंबर, गुरुजी म्हणायचं, रात्री दोनपासून गोंधळलेत, लघवी कमी, कानाचं मशीन खणात" एवढं सांगा.